तेरा डोक्यांचा हिशेब

समोर एक राक्षस उभा आहे. त्याला तेरा डोकी आहेत. तुमच्या हातात दोन तलवारी आहेत. मोठ्या तलवारीच्या एका घावात बरोबर पाच डोकी उडतात, पण लगेच दोन नवी उगवतात. लहान तलवारीच्या घावात दोन डोकी उडतात आणि तीन नवी उगवतात. म्हणजे मारून मारून राक्षस एका डोक्याने वाढतोच. तलवारीला जितकी डोकी लागतात त्याहून कमी उरली असतील, तर ती तलवार चालत नाही. मात्र एखाद्या घावात असतील नसतील तेवढी सगळी डोकी एकदम उडाली, तर मग काहीही उगवत नाही. राक्षस मेला. आता सांगा, हा राक्षस मरेल का? आणि मरणार असेल, तर किती घावांत?

रविवारच्या सकाळी असं गणित समोर टाकल्याबद्दल वाचकांनी रागावू नये. उत्तर पुढे येणारच आहे. पण शक्य असेल तर दोन मिनिटं थांबून, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीने मांडून पाहावं. कारण आज ज्या खेळाबद्दल लिहायचं आहे, त्या खेळाचा जीव या दोन मिनिटांत आहे.

खेळाचं नाव ‘हायड्रा स्लेअर’. हायड्राचा वध करणारा, असा त्याचा अर्थ. हा संगणकावरचा खेळ पोलंडमधल्या एरिक कोपचिन्स्की यांनी ‘झीनो रोग’ या टोपणनावाने लिहिला. कोपचिन्स्की हे वॉर्सा विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ. भूमितीवर आधारलेला त्यांचा ‘हायपररोग’ हा खेळ २०११ साली आला आणि त्याचा पुष्कळ बोलबाला झाला. आपला हायड्रा त्याच्याही आधीचा. त्याला ना झगमगाट, ना बंदुकांचे धडाके, ना कानठळ्या बसवणारं संगीत. भुयारातून एक वीर चालला आहे, वाटेत बहुमुखी राक्षस भेटतात आणि प्रत्येक राक्षस म्हणजे एक संख्या आहे. ती संख्या शून्यावर आणायची, एवढंच काम.

हायड्रा मूळचा ग्रीक पुराणातला. ग्रीसमध्ये आर्गोस शहराजवळ लेर्ना नावाची पाणथळ जागा होती, तिथे हा बहुमुखी साप राहायचा. हेराक्लीस, म्हणजे आपण ज्याला हर्क्युलिस म्हणतो, त्याला करावी लागलेली दुसरी कामगिरी म्हणजे याचा वध. डोकी नऊ, त्यातलं मधलं अमर. एक डोकं ठेचावं तर त्या जागी दोन उगवायची. शेवटी पुतण्या आयोलाओस मदतीला आला. हेराक्लीसने डोकं उडवायचं आणि आयोलाओसने जळत्या लाकडाने मानेची जखम तिथल्या तिथे डागायची, असं ठरलं. वाढ थांबली. उरलेलं अमर डोकं हेराक्लीसने जमिनीत पुरून त्यावर प्रचंड शिळा ठेवली. पुढची गंमत अशी, की पुतण्याची मदत घेतली म्हणून राजा युरिस्थिअसने ही कामगिरी मोजायलाच नकार दिला. हिशेबनीस माणसं सगळीकडे सारखीच!

आपल्या घरात ज्यांच्याकडे नवरात्रात सप्तशतीचा पाठ होतो, त्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. रक्तबीजाच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला, की त्यातून तेवढ्याच ताकदीचा दुसरा असुर उभा राहायचा. जितकं मारावं तितकी फौज वाढे. मग चामुंडेने तोंड पसरलं आणि थेंब जमिनीवर पडण्यापूर्वीच पिऊन टाकला. दोन देश, दोन पुराणं, पण शहाणपण एकच. शत्रू नुसत्या जोराने मरत नाही. तो वाढतो कसा, हे आधी ओळखावं लागतं.

कोपचिन्स्की यांनी हे शहाणपण अंकांत उतरवलं. त्यांच्या खेळात प्रत्येक हत्यारावर आकडा असतो, म्हणजे एका घावात किती डोकी उडणार ते ठरलेलं. हायड्रा वेगवेगळ्या रंगांचे असतात. हत्यार कशाचं बनलंय आणि हायड्राचा रंग कोणता, यावर किती डोकी पुन्हा उगवणार हे अवलंबून असतं. तीच तलवार एका हायड्रापुढे रामबाण, तर दुसऱ्यापुढे निव्वळ खतपाणी. पुढे पुढे वजाबाकीच्या हत्यारांबरोबर भागाकाराची हत्यारंही हाती येतात. डोक्यांच्या संख्येला निःशेष भाग जात असेल, तरच ती चालतात. जितकी डोकी जास्त, तितका त्यांचा चावाही मोठा. आणि आपण मेलो, की खेळ संपला. पुन्हा पहिल्यापासून.

हा शेवटचा नियम कडक वाटेल, पण त्यामागे एक परंपरा आहे. १९८०च्या सुमारास कॅलिफोर्नियात सांता क्रूझच्या विद्यापीठात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन विद्यार्थ्यांनी ‘रोग’ नावाचा खेळ लिहायला घेतला. हा ‘रोग’ म्हणजे आपला आजार नव्हे; इंग्रजीत त्याचा अर्थ भटक्या, लुच्चा असा आहे. टॉय पुढे बर्कलीला गेला आणि तिथे केन अर्नल्ड या कामात सामील झाला. पडद्यावर हव्या त्या जागी अक्षर उमटवण्याची जी सोय अर्नल्डने बांधली होती, तिच्यावरच हा खेळ उभा राहिला. चित्रं नाहीतच. भिंती रेघांच्या, राक्षस म्हणजे इंग्रजी वर्णमालेतली मोठी अक्षरं. आणि खेळणारा? ई-मेलच्या पत्त्यात मधोमध असते ती ‘ॲट’ची खूण म्हणजे आपण. १९८३ साली बर्कलीच्या युनिक्स प्रणालीबरोबर हा खेळ ठिकठिकाणच्या विद्यापीठांत पोहोचला. त्याच्यावरून निघालेल्या खेळांचं एक घराणंच तयार झालं. त्यांना ‘रोगलाइक’ म्हणजे रोगसारखे खेळ म्हणतात. २००८ साली बर्लिनमध्ये असे खेळ रचणारे लोक एकत्र जमले आणि त्यांनी या घराण्याची लक्षणं लिहून काढली.

त्यातली तीन लक्षणं आपल्या कामाची आहेत. पहिलं, भुयाराचा नकाशा प्रत्येक खेपेला नवा बनतो. त्यामुळे पाठांतर कामाचं नाही. दुसरं, मृत्यू कायमचा. चाल मागे घेता येत नाही. तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हे खेळ बुद्धिबळासारखे पाळीपाळीने चालतात. तुम्ही एक चाल केलीत, की राक्षस एक चाल करणार. तुम्ही हात बांधून बसलात, तर तोही थांबलेला. हवं तर मधे उठून कुकर उतरवून या, दारावर आलेल्या पोस्टमनशी बोलून या. राक्षस तिथेच तुमची वाट बघत असेल. घड्याळ नाही. व्हिडिओ गेम म्हटलं की बटणं बडवणारी, डोळे तारवटलेली मुलं आपल्यापुढे उभी राहतात. इथे घाईला काडीचीही किंमत नाही आणि विचाराला मात्र आहे.

आता आपल्या तेरा डोक्यांकडे वळू. मोठी तलवार उचलावी असंच कुणालाही वाटेल. एका घावात पाच उडाली, दोन उगवली. म्हणजे तीन कमी. १३ची १० झाली, १०ची ७, ७ची ४. आता चार डोकी उरली आणि मोठ्या तलवारीला तर पाच लागतात. अडलं! विजय हाताशी आला असताना हत्यार निकामी. अशा वेळी करायचं काय? लहान तलवार काढायची आणि राक्षसाची डोकी चक्क वाढवायची. चारातली दोन उडाली, तीन उगवली, झाली पाच. आता मोठ्या तलवारीचा एक घाव, पाचही डोकी साफ. पाच घावांत राक्षस मेला.

या एवढ्याशा लढाईत तीन गोष्टी आहेत. एक, ताकदीपेक्षा बाकी महत्त्वाची. शेवटी किती उरणार हे आधी पाहावं लागतं. दोन, शून्यावर पोहोचण्यासाठी कधी कधी आकडा वाढवावा लागतो. एक पाऊल मागे घेणं हाही हिशेबाचा भाग असतो. तिसरी गोष्ट जरा खोल आहे. समजा, प्रत्येक घावानंतर जेवढी डोकी शिल्लक असतील तेवढे चावे आपल्याला बसतात. वरच्या क्रमाने लढलो, तर चावे १०, ७, ४ आणि ५, म्हणजे एकूण २६. आता तेच पाच घाव, पण लहान तलवारीचा घाव सुरुवातीलाच घालून पाहा. १३ची १४ झाली, मग ११, ८, ५ आणि शून्य. घाव तेवढेच, तलवारी त्याच. चावे मात्र १४, ११, ८ आणि ५, म्हणजे एकूण ३८! बारा चावे जास्त बसले ते केवळ क्रम चुकल्यामुळे.

हे वाचताना बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला कर्जखातं आठवल्याशिवाय राहत नाही. घटत्या शिलकीवरचं व्याज म्हणजे दुसरं काय? महिन्याच्या शेवटी जेवढी डोकी शिल्लक, तेवढा चावा. दहा हजार रुपयांचं कर्ज, व्याज साल दरसाल १२ टक्के, म्हणजे महिन्याला शंभर रुपये. कुणी दरमहा शंभर भरत राहिला, तर त्याने शंभर डोकी उडवली आणि शंभर उगवली. दहा वर्षांनीही मुद्दल दहा हजारच. नव्वद भरले तर राक्षस दर महिन्याला थोडा थोडा मोठा होतो. दीडशे भरले तर कुठे मुद्दलाला हात लागतो. आणि हातात दोन हजार रुपये आलेच असतील, तर ते आज भरायचे की वर्षाच्या शेवटी, हा प्रश्न लहान तलवार आधी चालवायची की नंतर, त्याच जातीचा आहे. रक्कम तीच. पण ती वर्षभर थांबली, तर दर महिन्याला वीस रुपये याप्रमाणे २४० रुपयांचे चावे जास्त. व्याजावरचं व्याज तर सोडूनच द्या.

काउंटरच्या पलीकडे उभी असलेली पुष्कळ माणसं मी पाहिली. प्रामाणिक, वेळेवर पैसे आणून देणारी. पासबुक पुढे करून ती विचारायची, “साहेब, इतकी वर्षं भरतोय, कमी कसं होत नाही?” कुणी त्यांना फसवलेलं नसायचं. कागदावर सगळं लिहिलेलं असायचं. पण भरलेली रक्कम डोळ्यांना दिसते आणि उगवणारी दिसत नाही. शाळेत त्यांना वजाबाकी शिकवली होती, टक्केवारीही शिकवली होती. मात्र दोन्ही एकमेकींविरुद्ध एकाच वेळी चालू असतात तेव्हा काय होतं, हे खेळून पाहायची संधी कधी मिळाली नव्हती. ज्या मुलाने दहाव्या वर्षी असा राक्षस मारला आहे, किंवा त्याहून चांगलं म्हणजे ज्याला अशा राक्षसाने दोनदा मारलं आहे, तो चाळिसाव्या वर्षी हप्त्याच्या कागदावर सही करताना एक प्रश्न नक्की विचारील: “यात उगवतं किती?”

यावर कुणी म्हणेल, गणिताचे खेळ काय थोडे आहेत! आहेत खरे. अमेरिकेत १९८३ सालीच ‘मॅथ ब्लास्टर’ नावाचा खेळ निघाला आणि त्याच्या पुष्कळ आवृत्त्या खपल्या. उदाहरण सोडवा, उत्तर बरोबर आलं की तोफ उडवा, अशी त्याची तऱ्हा. पाढे पक्के करायला अशा खेळांचा उपयोग होतो, यात वाद नाही. पण तिथे गणित आणि लढाई यांचा एकमेकांशी संबंध नसतो. सात आठे छप्पन्न म्हटल्यावर विमान का पडावं? उद्या तिथे गणिताऐवजी नद्यांची नावं विचारली, तरी विमान तसंच पडेल. औषध गुळातून द्यावं तसा हा प्रकार, आणि मुलं हुशार असतात. गूळ चाटून गोळी थुंकतात. हायड्राच्या खेळात गोळी आणि गूळ वेगळे काढताच येत नाहीत. वजाबाकी हाच घाव, बाकी हीच जखम. गणित काढून घेतलं तर खेळात उरतंच काय?

दुसरी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. शाळेतलं गणित विचारतं, उत्तर काय? हा खेळ विचारतो, उत्तर आहे का? पूर्व युरोपात मुलांच्या गणित मंडळांतून बहुमुखी ड्रॅगनची कोडी पुष्कळ फिरतात. त्यातलं एक प्रसिद्ध कोडं असं. ड्रॅगनला शंभर डोकी आहेत. वीर एका घावात १५, १७, २० किंवा ५ डोकी उडवू शकतो. पण त्या त्या वेळी अनुक्रमे २४, २, १४ आणि १७ नवी उगवतात. सगळी उडाली तर ड्रॅगन मेला. मरेल का तो?

माणूस पानंच्या पानं आकडेमोड करत बसेल. पण जरा थांबून पाहा. पहिल्या घावाने एकूण नऊ वाढतात, दुसऱ्याने पंधरा कमी होतात, तिसऱ्याने सहा कमी होतात, चौथ्याने बारा वाढतात. नऊ, पंधरा, सहा, बारा. सगळे तीनच्या पाढ्यातले! म्हणजे कितीही घाव घातले, तरी डोक्यांच्या संख्येला तीनने भागल्यावर येणारी बाकी बदलणार नाही. शंभराची बाकी एक. ती एकच राहणार. आणि शेवटचा घाव बसायला डोकी १५, १७, २० किंवा ५ हवीत. त्यांच्या बाक्या शून्य आणि दोन. एक कुठेच नाही. ड्रॅगन अमर आहे. एकही घाव न घालता हे कळलं, आणि वीराला घरी पाठवता आलं.

न बदलणारी गोष्ट शोधण्याची ही युक्ती परकी वाटण्याचं कारण नाही. आमच्या वेळी बँकेत लेजर हाताने लिहायची असत. सहामाहीच्या अखेरीला रात्री उशिरापर्यंत तेरीज जुळवत बसायचो. जमा आणि नावे यांत फरक निघाला, की जुने हेडक्लार्क पहिल्यांदा त्या फरकाला नवाने भाग देऊन बघत. भाग गेला, की म्हणत, “कुणीतरी आकडे उलटे मांडलेत, शोधा.” ३६च्या जागी ६३ लिहिले तर फरक २७चा. ४१८च्या जागी ४८१ लिहिले तर फरक ६३चा. शेजारशेजारचे दोन आकडे कसेही उलटे करा, फरकाला नवाने भाग जाणारच. हजारो नोंदींच्या जंगलात त्या एका नवामुळे वाट सापडायची. चहावाल्याची किटली दुसऱ्यांदा यायच्या आत चूक हाती लागलेली असायची.

देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली जगापुढे मांडलेला ६१७४ हा आकडा याच गोत्रातला. चार अंकी कुठलीही संख्या घ्या. फक्त चारही अंक सारखे नकोत. तिचे अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या संख्येवर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४च. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोहोचतोच. तिथेही नुसते अंक इकडचे तिकडे होत असल्यामुळे प्रत्येक वजाबाकीला नवाने भाग जातो, आणि ६१७४लाही जातो. कापरेकर गुरुजींनी आयुष्यभर आकड्यांशी असा खेळ केला. त्यांच्याकडे संगणक नव्हता. पण वजाबाकी करत गेलं तर शेवटी कुठे पोहोचतो, हे कुतूहल अगदी तेच.

“शेवटी कुठे पोहोचतो?” या प्रश्नाचं एक थक्क करणारं टोक हायड्राच्याच नावाने गणितात नोंदलं गेलं आहे. १९८२ साली लॉरी कर्बी आणि जेफ पॅरिस या गणितज्ञांनी कागदावरचा एक हायड्रा तयार केला. तो झाडासारखा आहे. फांद्यांना फांद्या, आणि टोकाला डोकी. एक डोकं छाटलं, की ते ज्या फांदीवर होतं ती उरलेली फांदी एक सांधा खाली जाऊन स्वतःच्या प्रती काढते. पहिल्या घावाला एक प्रत, दुसऱ्याला दोन, शंभराव्याला शंभर! फक्त थेट बुंध्याला चिकटलेलं डोकं उडवलं, तर काही उगवत नाही. राक्षस बघता बघता इतका पसरतो, की हेराक्लीसने तलवार टाकून पळ काढावा. पण कर्बी आणि पॅरिस यांनी सिद्ध केलं, की हेराक्लीस जिंकणारच. कुठलंही डोकं, कुठल्याही क्रमाने छाटो. घाव घालत राहिला, तर कधी ना कधी राक्षस संपतोच. कारण तो रुंदीला कितीही वाढला, तरी उंचीला वाढत नाही. उगवलेली प्रत्येक फांदी आधीच्या फांदीपेक्षा थोडी साधी असते.

याहून नवल पुढे आहे. बेरीज, गुणाकार आणि ‘एकापासून पुढच्याकडे’ जाणारी पायरी यांवर उभे असलेले अंकगणिताचे जे मूलभूत नियम इटलीच्या पेआनो यांच्या नावाने ओळखले जातात, तेवढ्यांच्या जोरावर हा विजय सिद्ध करता येत नाही, हेही त्या दोघांनी दाखवलं. त्यासाठी अनंताच्या पलीकडच्या मोजणीचा आधार घ्यावा लागतो. म्हणजे जे नेहमीच घडतं, तेसुद्धा नेहमीच्या अंकगणिताच्या हाती लागत नाही. डोकी छाटण्याचा पोरखेळ म्हणून जे सुरू झालं, ते गणिताच्या वेशीपर्यंत आपल्याला घेऊन जातं.

आता घरातल्या प्रश्नाकडे येतो. मुलांनी खेळावं का? सगळ्या मुलांना हा खेळ आवडेल, असं मी म्हणणार नाही. याचं रूप साधं, काहींना कंटाळवाणं वाटेल. कुणी युक्त्या घोकून ठेवील. कुणी याच्याही नादाला लागून जेवण विसरेल. नाद हा शहाण्या खेळाचाही वाईटच. आणि हा खेळ खेळल्याने परीक्षेतले गुण वाढतील, असं आश्वासन कुणी देऊ नये. पण गणिताची भीती ज्या घरात आहे, आणि आपल्याकडे ती कुठल्या घरात नाही, तिथे या खेळातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. गणिताच्या पेपरात मूल घाबरतं ते घड्याळामुळे, आणि ‘चुकलं’ या लाल शेऱ्यामुळे. हायड्रापुढे घड्याळ नाही. चूक आहे, तिची शिक्षाही कडक आहे. पण कुणी ओरडत नाही, शेजारच्या मुलाशी तुलना करत नाही. चार डोकी उरली, तलवार चालेना, मेलो. का मेलो हे ज्याचं त्यालाच कळतं, आणि पुढच्या खेपेला तो सात डोक्यांवरच थांबून विचार करू लागतो. हे थांबणं शिकवायला शिक्षकांना वर्षंच्या वर्षं लागतात.

घरात संगणक किंवा मोबाइल मुलांच्या हाती द्यायचा नसेल, तरी काही बिघडत नाही. कागद, पेन्सिल आणि मूठभर शेंगदाणे पुरतात. शेंगदाणे म्हणजे डोकी. एकाने वीर व्हायचं, एकाने हायड्रा. उडालेली डोकी वीराने खायची आणि उगवलेली हायड्राने ताटलीत टाकायची. तलवारींचे आकडे मुलांनाच ठरवू द्यावेत. अर्ध्या तासात ती असे आकडे शोधून काढतील, की बाबांचा हायड्रा मरणारच नाही. आणि का मरत नाही, हे ती बाबांना समजावून सांगतील. घरातल्या मोठ्यांनी तेवढं ऐकून घ्यायची तयारी मात्र ठेवावी.

सुरुवात म्हणून आपल्याच दोन तलवारी घ्या. पाचाची, जिच्यामागे दोन उगवतात, आणि दोनाची, जिच्यामागे तीन उगवतात. तेरा डोक्यांना पाच घाव लागले. चौदा डोक्यांचा हायड्रा खरं तर मोठा. पण तो १४, ११, ८, ५ असा उतरत चौथ्याच घावाला मरतो. एक डोकं जास्त, तरी एक घाव कमी. मग बारा डोक्यांचा हायड्रा सोपा की अवघड? त्याला कमीत कमी किती घाव लागतील आणि कमीत कमी चावे किती बसतील? दुपारच्या जेवणानंतर ताटलीत बारा शेंगदाणे मोजून घ्या आणि घरातल्या सगळ्यात लहान मुलाला पहिला घाव घालू द्या.